द्वारपालाला काय सांगायचे?

(मध्य प्रदेशातील सोनकच्छ येथील स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



धारच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात नगररचना, घरे, राजवाडे आणि मूर्ती यांच्या जोडीने एक अख्खा अध्याय यंत्रांवर आहे. त्यात दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या आहेत, तालावर नाचणाऱ्या आहेत, पाणी पिणारा हत्ती आहे आणि रात्री शिरू पाहणाऱ्या चोराला दारातच गाठणारा लाकडी द्वारपालही आहे. कोणत्या बाहुलीने काय करायचे, हे ग्रंथकार चवीने सांगतो. आत कोणती कळ आहे आणि कोणती दोरी कुठे बांधली आहे, हे मात्र तो सांगत नाही. ते आपल्याला ठाऊक नाही असे नव्हे, गुप्तता राहावी म्हणून सांगितले नाही, असा खुलासाही तो करून ठेवतो.

वस्तूचे वागणे एकीकडे आणि ते घडवून आणणारी कळ दुसरीकडे, ही वाटणी संगणकाच्या आभासी जगातही आहे. तिथल्या जाणकारांना गेली साठ वर्षे एक प्रश्न सतावतो आहे. पडद्यावर दार, चाक, पक्षी, माणूस उभा करणे एक वेळ सोपे. पण ज्याला त्या वस्तूची खडान्‌खडा माहिती आहे आणि प्रोग्रॅमिंगचा गंधही नाही, अशा माणसाला तिचे वागणे संगणकाला सांगता येईल का?

प्रश्न सोनकच्छपासून लांबचा नाही. याच तहसिलीतल्या गंधर्वपुरीत परमारकालीन शिल्पांचे संग्रहालय आहे. समजा, इथल्या एखाद्या शाळेने त्याची आभासी प्रतिकृती करायची ठरवली. शिल्पाचे चहूबाजूंनी फोटो काढून त्रिमितीय आकार तयार करणे आता मोबाइलवरही जमते. गाडी अडते ती पुढे. दारातल्या द्वारपालाने येणाऱ्याला हात करून थांबवावे, नाव विचारावे आणि मग वाट सोडावी, एवढीच साधी इच्छा. कोणते शिल्प कोणाचे, त्याच्या हातात काय आहे, ते कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला असायचे, हे इतिहासाच्या बाईंना माहीत. प्रोग्रॅम लिहिणारा तरुण इंदूरला, त्याने गंधर्वपुरी पाहिलेली नाही. बाई सांगणार एक, तो समजणार दुसरे आणि द्वारपाल करणार तिसरेच.

मधला हा दुभाषा काढून टाकण्याचे प्रयत्न म्हणजेच आजचा विषय.

खुर्ची दिसणे आणि खुर्ची असणे

आयव्हन सदरलंड या अमेरिकी संशोधकाने १९६५ मध्ये एका छोट्या निबंधात अशी खोली कल्पिली होती, जिथे संगणक पदार्थाचे अस्तित्वच हाताळतो. तिथल्या खुर्चीवर खरोखर बसता येईल, बेड्या खरोखर जखडतील आणि बंदुकीची गोळी जीव घेईल. आभासी जगाचा पाया म्हणून हा निबंध आजही वाचला जातो. त्यातली मेख अशी की खुर्ची खुर्चीसारखी दिसते की नाही, एवढ्यावर सदरलंड थांबला नाही. ती खुर्चीसारखी वागते की नाही, हा त्याचा प्रश्न होता.

त्याच्या दोन वर्षे आधी, १९६३ मध्ये, त्याने एमआयटीत ‘स्केचपॅड’ हा प्रबंध केला होता. प्रकाशलेखणीने पडद्यावर चार वेड्यावाकड्या रेषा काढायच्या आणि ‘या दोन समांतर असू देत, उरलेल्या दोन त्यांना काटकोनात असू देत’ एवढे बटणे दाबून सांगायचे. रेषा आपापल्या जागी सरकून आयत बनत. माणसाने फक्त शेवटी काय खरे असायला हवे ते सांगितले. तिथपर्यंत कसे जायचे, ते यंत्राने पाहिले.

आकारांसाठी ही युक्ती छान होती. द्वारपालाला मात्र ‘केव्हा’ हेही सांगावे लागते. नव्वदच्या दशकात इंटरनेटवर त्रिमितीय जगे मांडण्यासाठी ‘व्हीआरएमएल’ नावाची भाषा आली. तिची १९९७ची आवृत्ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तिच्यात वागणे सांगण्याची रीत वायरमनच्या कामासारखी होती. दाराला एक स्पर्श-संवेदक जोडायचा. त्याच्यावर टिचकी पडली की तो घड्याळाला कळवणार, घड्याळ दर क्षणाला ‘किती वेळ झाला’ ते एका गणकाला सांगणार, गणक त्यावरून दाराचा कोन काढणार आणि दार तेवढे उघडणार. एका डबीतून निघालेली तार दुसऱ्या डबीत खोचायची, बस. दार उघडण्यापुरते प्रोग्रॅमचे एक वाक्यही लागत नसे. ‘दुसऱ्यांदा टिचकी मारली तर बंद हो’ म्हटले की मात्र दार उघडे आहे की बंद, हे कोणीतरी लक्षात ठेवायला हवे. तिथे तारा पुरत नसत आणि गुपचूप प्रोग्रॅमची भाषा आत शिरे.

हीच पद्धत आज संगणकावरचे खेळ बांधण्याच्या ‘अनरियल इंजिन’ या साधनात भरभराटीला आली आहे. त्याच्या २०१४च्या चौथ्या आवृत्तीपासून ‘ब्लूप्रिंट’ नावाच्या डब्या-तारांच्या पटावर अख्खे खेळ बांधता येतात. आणि जरा मोठे काम हाती घेतले की पटावर तारांचा असा गुंता होतो की कोणती कुठे गेली हे बांधणाऱ्यालाही उमगत नाही.

गाडी, चाक आणि तिनाने भागाकार

महाराष्ट्रात या विषयाचा एक धागा रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात नावाच्या वाडीपर्यंत जातो. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. पटावर विसेक मुले होती. प्रत्येकाच्या हाती हिरवा-पांढरा, धूळ-पाण्याला न घाबरणारा छोटा लॅपटॉप आला. आदल्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही कल्पना नाकारली होती आणि पुढेही तिचा देशभर प्रसार झाला नाही. पण त्या लॅपटॉपमध्ये ‘ईटॉइज’ नावाचे जे एक साधन होते, ते आजच्या विषयात थांबून पाहण्याजोगे आहे. अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ते मुलांसाठी घडवले.

त्यात मूल आधी एक गाडी रंगवते, वरून दिसते तशी. मग त्या चित्राभोवती छोट्या चिन्हांचे कडे उमटवता येते. त्यातल्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की गाडीला काय काय येते त्याची यादी उघडते. ‘गाडी, पुढे जा ५’. ‘गाडी, वळ ५’. एकेका वाक्याची एकेक पट्टी. दोन पट्ट्या ओढून रिकाम्या जागी एकाखाली एक ठेवल्या आणि घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की गाडी गोल गोल फिरू लागते.

आता मूल दुसरे चित्र काढते, स्टिअरिंगच्या चाकाचे. चाकाच्या यादीत त्याचा ‘रोख’ असतो, म्हणजे ते किती अंशांत वळले आहे तो आकडा. ती पट्टी उचलून गाडीच्या ‘वळ ५’मधल्या पाचाच्या जागी टाकली की चाक फिरवू तशी गाडी वळू लागते. आणि लगेच फजिती होते. चाक जरासे हलवले तरी गाडी गर्रकन फिरून रस्त्याबाहेर जाते. मग मूल त्या आकड्याला तिनाने भागते. गाडी ताळ्यावर येते.

या एवढ्याशा खेळात चल राशी, दोन वस्तूंमधले नाते आणि प्रमाण अशा तीन गोष्टी हातावेगळ्या झाल्या. फळ्यावर ‘क्ष’ लिहून शिकवले तर याच गोष्टींना काही वर्षे लागतात. कंस, अर्धविराम, स्पेलिंग यांची चूक होण्याची सोयच नव्हती, कारण पट्टी बसली तरच बसते. चूक राहिली ती गाडीच्या वागण्यातली. ती डोळ्यांना दिसते, म्हणून दुरुस्तही होते.

पट्ट्या जुळवण्याची ही रीत पुढे ‘स्क्रॅच’ या साधनामुळे घरोघरी पोचली. मिचेल रेझनिक यांच्या एमआयटीतल्या गटाने २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय अभ्यासक्रमानेही मुलांना विचार क्रमाने मांडायला शिकवण्यासाठी स्क्रॅचच निवडले.

लहान मुले नियम कसे सांगतात

पट्ट्यासुद्धा नकोत, नुसते करून दाखवू, असे म्हणणारा दुसरा पंथ आहे. अ‍ॅपल कंपनीत डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ आणि अ‍ॅलन सायफर यांनी १९९४च्या सुमारास ‘किडसिम’ बनवले. त्यात पट चौकटींचा. नियम म्हणजे दोन चित्रे, आधीचे आणि नंतरचे. पहिल्या चित्रात द्वारपालाच्या शेजारच्या चौकटीत पाहुणा उभा आहे. दुसऱ्यात तसेच सगळे, फक्त द्वारपालाचा हात वर. मुलाने ते माउसने करून दाखवायचे, यंत्र टिपून घेणार आणि पुन्हा तसे दृश्य आले की तसेच करणार.

इथे अडचण निराळी येते. मुलाने दाखवला तो पाहुणा लाल सदऱ्याचा होता. आता निळ्या सदऱ्याचा आला तर? द्वारपालाने कोणालाही थांबवायचे की लाल सदऱ्यालाच? चित्र दोन्ही अर्थांनी तंतोतंत खरे आहे. म्हणून किडसिमला मुलाकडून विचारून घ्यावे लागे की ही खूण ‘या पाहुण्या’ची की ‘कुठल्याही पाहुण्या’ची. शिवाय नियमांची यादी वरून खाली तपासली जाई आणि जो पहिला जुळेल तोच लागू होई. कोणता नियम वर ठेवायचा, हा निर्णय मुलाचाच.

मग लोक वागणे मुळात सांगतात तरी कसे, हे कोणी विचारले का? विचारले. कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन पेन, चोटिरत रतनमहातना आणि ब्रॅड मायर्स यांनी प्रोग्रॅमिंगचा वारा न लागलेल्या पाचवीच्या मुलांना ‘पॅक-मॅन’ खेळातली दृश्ये दाखवली आणि यात काय चालले आहे ते आपल्या शब्दांत, चित्रांत सांगा, असे म्हटले. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून अधिक विधाने ‘असे झाले की तसे होते’ या घडणीची होती. भिंत लागली की तो थांबतो, गोळी खाल्ली की भुते रंग बदलतात. ‘पहिल्या भुतापासून सुरू कर, एकेक तपास, संपेपर्यंत’ असे मुले बोलत नाहीत. ती सरळ ‘सगळी भुते’ म्हणून मोकळी होतात. प्रोग्रॅमच्या बहुतेक भाषा नेमके उलट मागतात.

मायक्रोसॉफ्टचे ‘कोडू’ हे साधन २००९ मध्ये आले ते याच घडणीवर. त्यात नियमाचे दोनच भाग, ‘केव्हा’ आणि ‘काय’. केव्हा: सफरचंद दिसले. काय: त्याच्याकडे जा.

रँडी पाउश यांच्या ‘अ‍ॅलिस’ या त्रिमितीय साधनाच्या गटाला आणखी एक धडा मिळाला. वस्तू हलवायची तर तज्ज्ञ क्ष, य, झ असे तीन अक्ष मोजतात. नवशिक्यांचा तिथेच गोंधळ उडतो. सशाला ‘झ अक्षावर दोन’ म्हणण्याऐवजी ‘पुढे दोन’ म्हणू दिले, आणि पुढे म्हणजे सशाचे नाक ज्या बाजूला ती बाजू, की गाडी सुरळीत चालते. पुढे कॅटलिन केलेहर यांनी अ‍ॅलिसची गोष्टी सांगण्यासाठीची आवृत्ती केली. तिच्यात पात्रे नुसती सरकत नव्हती, बोलत, वळून पाहत, जवळ जात. दोन्ही आवृत्त्या शाळकरी मुलींना वापरायला दिल्या. गोष्टींची आवृत्ती मिळालेल्या मुलींनी प्रोग्रॅम रचण्यात ४२ टक्के अधिक वेळ घालवला आणि वेळ संपल्यावरही चोरून काम करत बसणाऱ्यांचे प्रमाण तिपटीहून अधिक निघाले. वस्तूने काय करावे, याच्या यादीत ‘उजवीकडे वळ’ आहे की ‘तिच्याकडे वळून पाहा’ आहे, हा त्यातला एक मोठा फरक होता.

अडचण कुठे दडते

इथवर ऐकून वाटेल की प्रश्न सुटला. सुटला नाही, जागा बदलून बसला.

पहिला पेच ‘झाले’ आणि ‘आहे’ यांचा. ‘पाहुणा आला’ ही घटना, क्षणात होऊन गेली. ‘पाहुणा उभा आहे’ ही स्थिती, ती टिकते. ‘पाहुणा आला की हात वर कर’ हा नियम द्वारपालाला दिला. हात वर झाला. तो खाली कधी येणार? पाहुणा गेल्यावर, असे बाई गृहीत धरतात, कारण माणूस तसेच वागतो. नियमात ते लिहिलेलेच नाही. घरातले दिवे-पंखे इंटरनेटवरून चालवणाऱ्या ‘असे झाले तर तसे कर’ साधनांचा अभ्यास वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये केला, तेव्हा लोक नेमके इथेच ठेचाळताना दिसले. एकाच नियमाचा अर्थ कोणी ‘त्या क्षणी’ असा घेतला, कोणी ‘तोवर’ असा. प्रत्येकाला आपलाच अर्थ उघड वाटत होता.

दुसरा पेच प्राधान्याचा. पाहुण्याला थांबव हा एक नियम. शाळेच्या मुलांना सरळ सोड हा दुसरा. पाहुणा मुलाचा हात धरून आला, तर?

तिसरा पेच गर्दीचा, आणि त्यासाठी संगणकही उघडायला नको. शेतातल्या पंपाला ऑटो स्विच असतो. नियम एका ओळीचा: वीज आली की मोटार सुरू कर. रात्री-अपरात्री उठून बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी याहून रास्त नियम नाही. पण एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारींना तोच नियम असेल, तर वीज येते त्या क्षणी त्या सगळ्या एकदम उठतात, भार उसळतो आणि रोहित्र बंद पडते, कधी जळते. म्हणून महाराष्ट्रात महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, अशी विनंती वरचेवर करते. एकेका पंपाच्या नियमात काडीचीही चूक नाही. बिघाड सगळ्यांच्या बेरजेत आहे.

रेझनिक यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकात पडद्यावरच्या मोटारींचे असेच उदाहरण दिले आहे. प्रत्येक गाडीला दोनच नियम: पुढे गाडी जवळ असेल तर वेग कमी कर, नसेल तर वाढव. ना अपघात, ना सिग्नल. तरीही रस्त्यावर कोंडी होते, आणि गंमत म्हणजे गाड्या पुढे जात असतात तेव्हा कोंडी मागे मागे सरकते. नियम वाचून हे सांगता येत नाही, चालवूनच पाहावे लागते. आभासी जगाची खरी मोठी सोय हीच. तिथे रोहित्र जाळून पाहायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट साधने बनवणारे स्वतःहून सांगत नाहीत. पट्ट्यांच्या यादीत जे आहे तेवढेच बोलता येते. स्क्रॅचमध्ये स्वतःची नवी पट्टी बनवण्याची सोय २०१३च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. तोवर ‘स्वागत कर’ अशी एक पट्टी करून ती एकाच द्वारपालाच्या नियमांत दहा ठिकाणी वापरण्याचा सरळ मार्ग नव्हता, तीच रचना दहा ठिकाणी उतरवावी लागे. साधन जितके सोपे, तितके त्याच्या कर्त्याने आधीच ठरवून ठेवलेले जास्त. संग्रहालयाच्या साधनात ‘टिचकी मारली की माहिती वाच’ एवढीच पट्टी असेल, तर प्रत्येक मूर्ती पाटीसारखी बोलेल, मग ती यक्षी असो की तीर्थंकर.

आता वाक्यच सांगा

गेल्या काही वर्षांत चित्र पालटले आहे. भाषेची मोठी प्रारूपे (लार्ज लँग्वेज मॉडेल्स) आल्यापासून पट्ट्या, तारा, चित्रे सगळे बाजूला ठेवून सरळ वाक्य लिहिता येते: ‘द्वारपालाने अनोळखी माणसाला अडवावे.’ यंत्र नियम लिहून देते आणि द्वारपाल चालू होतो. दुभाषा गेलाच, असे वाटावे.

पण अनोळखी कोण, हे वाक्यात नाही. यंत्राने ते आपल्या मनाने भरले. पहिल्यांदा येतो तो अनोळखी? की ज्याने नाव सांगितले नाही तो? इंदूरचा तरुण निदान फोन करून विचारत तरी होता. हे यंत्र बहुधा विचारत नाही, आणि त्याने लिहून दिलेला नियम प्रोग्रॅमच्या भाषेत असेल तर बाईंना तो वाचताही येत नाही. भोजाच्या ग्रंथात कळ झाकलेली होती ती जाणूनबुजून. इथे ती कोणी झाकली असेही नाही, फक्त पाहणाऱ्याला दिसत नाही. म्हणून पट्ट्यांचे दिवस संपले म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. नियम लिहिण्यासाठी पट्ट्या लागल्या नाहीत, तरी यंत्राने काय लिहिले ते वाचून पाहण्यासाठी त्या लागतील. ‘केव्हा: दारापाशी कोणीही आले. काय: हात वर कर. तोवर: नाव सांगेपर्यंत.’ एवढे समोर मांडले, तर बाई चष्मा सावरून म्हणतील, कोणीही नको, मुले वगळा.

गंधर्वपुरीचा हा उद्योग कोणी खरेच हाती घेतला, तर साधनांसाठी पैसा लागणार नाही. स्क्रॅच आणि अ‍ॅलिस ही दोन्ही फुकट मिळतात आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. पहिल्या आठवड्यात मात्र संगणकाची खोली बंदच ठेवावी. मुलांनी संग्रहालयात जाऊन एकेक मूर्ती निवडावी आणि वहीत चार रकाने आखावेत: केव्हा, काय, कुठवर, आणि दोन नियम भिडले तर कोणता वरचढ. मग वर्गात एका मुलाने द्वारपाल व्हावे, दुसऱ्याने पाहुणा आणि तिसऱ्याने वही वाचावी. द्वारपालाने वहीबाहेरचे काहीही करायचे नाही. वही जिथे गप्प बसेल तिथे तो हात वर करून तसाच उभा राहील आणि वर्ग हसेल. त्या जागेवर लाल पेनाने खूण करावी. त्या खुणा भरायला इतिहासाच्या बाईंना बोलवावे, गावातल्या जुन्या माणसांना विचारावे. संगणकाच्या सरांचा तास दुसऱ्या आठवड्यात.